पहिलं चांगलं मेकॅनिकल स्पोर्ट्स घड्याळ घेताना

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर क्वार्ट्झ आणि स्मार्टवॉच वापरून झालं, आता एकच पण चांगलं मेकॅनिकल स्पोर्ट्स घड्याळ घ्यायचंय. रोज घालायचं, कपाटात जपून ठेवायचं नाही. मनगटाचा घेर साडेसोळा सेंटिमीटर. आठवड्यातून तीनदा पोहणं, बाकी दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मनात तीन नावं आहेत: ओमेगा स्पीडमास्टर, ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट आणि रोलेक्स सबमरिनर. एकजण म्हणतो मशीन ‘इन-हाउस’च हवं, म्हणजे कंपनीनं स्वतः बनवलेलं. दुसरा म्हणतो पुढे विकताना ज्याला भाव येईल तेच घ्या. तिसरा म्हणतो 42 मिलिमीटरचं घड्याळ तुमच्या हाताला मोठं होईल. कुणाचं ऐकायचं?

मी घड्याळं विकत नाही, दुरुस्त करतो. पंचवीस वर्षांहून जास्त काळ डोळ्याला भिंग लावून बसतोय. विकणाऱ्याला घड्याळ पहिल्या दिवशी दिसतं. मला ते पाच, आठ, पंधरा वर्षांनी दिसतं, घामासकट आणि ओरखड्यांसकट. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं येणार. या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हौसेनं घेतलेलं घड्याळ खणात पडून राहतं, तेव्हा दोष मशीनचा फार क्वचित असतो. ते हातावर नीट बसत नसतं, किंवा रोजच्या कामात सारखं काढून ठेवावं लागत असतं. म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी त्याचा आठवडा विचारतो. तुम्ही तो प्रश्नातच लिहिलात, त्यामुळे काम सोपं झालं.

मापापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. जाहिरातीत केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या पेटीचा, व्यास छापतात. स्पीडमास्टर 42 मिलिमीटर, सबमरिनर 41, ब्लॅक बे फिफ्टी-एट 39. हे आकडे वाचले की वाटतं पहिलं फार मोठं आणि शेवटचं नेमकं आपल्यासाठी. पण घड्याळ हातावर बसतं ते व्यासावर नाही. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांना लग म्हणतात. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं अंतर हे खरं माप. आणि ते पाहिलं तर स्पीडमास्टर 47.5 मिलिमीटरच्या आसपास, बाकी दोघं 48 च्या आसपास. म्हणजे मनगटावर तिघंही जवळजवळ तेवढीच जागा घेतात. स्पीडमास्टरच्या केसची उजवी बाजू बटणं आणि चावी सांभाळायला जरा फुगवलेली आहे, व्यासाचा आकडा त्यानं वाढतो. तेव्हा 42 आकडा ऐकून त्या घड्याळावर काट मारू नका.

तुमचं माप असं घ्या. हात टेबलावर सपाट ठेवा आणि मनगटाची वरची सपाट जागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टीनं मोजा. घेर मोजून उपयोग नाही. साडेसोळा सेंटिमीटर घेराचं मनगट कुणाचं गोल असतं, कुणाचं चपटं, आणि दोघांच्या हातावर तेच घड्याळ वेगळं दिसतं. ही सपाट रुंदी कानांच्या अंतरापेक्षा थोडी तरी जास्त हवी. कानांची टोकं मनगटाच्या कडेबाहेर लोंबकळली की घड्याळ डुलतं, आणि डुलणारं घड्याळ दाराच्या चौकटीवर सगळ्यात आधी आपटतं.

जाडीसुद्धा बघा. ब्लॅक बे फिफ्टी-एट 12 मिलिमीटरच्या किंचित आत आहे, सबमरिनर साडेबाराच्या आसपास, स्पीडमास्टर सव्वातेरा ते साडेतेरा, काच कोणती घेता त्यावर. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. शर्टाची बाही बंद करून पाहा, मग कळतं.

दुकानात जाल तेव्हा दुपारनंतर जा. सकाळचं मनगट आणि दुपारचं मनगट सारखं नसतं, उष्म्यानं ते फुगतं. घड्याळ घातल्यावर हात मागे वाकवा, जमिनीवर तळवा टेकून उठताना वाकवतो तसा. चावी हाताच्या पाठीत रुतते का? मग खुर्चीवर बसून टायपिंग करतो तसे हात ठेवा. तुमचा सगळा दिवस त्याच अवस्थेत जाणार आहे. शेवटी दूरच्या आरशात पाहा. हात डोळ्यांसमोर धरून पाहिलं की प्रत्येक घड्याळ आहे त्याहून मोठं वाटतं, आणि मोबाइलनं जवळून काढलेल्या फोटोत तर ते ताटाएवढं दिसतं. तो फोटो पाठवून मित्रांची मतं मागवू नका.

ब्रेसलेटच्या लॉककडे पहिल्यांदा घेणारा माणूस बघतच नाही, आणि वर्षभरानंतर तक्रार बहुतेक तिथलीच असते. सकाळी सैल, दुपारी घट्ट. सबमरिनरच्या लॉकमध्ये ग्लाइडलॉक आहे, कुठलंही हत्यार न वापरता 2-2 मिलिमीटरच्या टप्प्यांनी सुमारे 20 मिलिमीटर सैल-घट्ट होतं. माझ्या पाहण्यात इतकं नीट जमलेलं लॉक क्वचितच आलं असेल. ट्यूडरच्या अलीकडच्या टी-फिट लॉकमध्ये पाच टप्पे आणि 8 मिलिमीटरचा फरक मिळतो. रोजच्या वापराला तेवढं पुरतं. मात्र ब्लॅक बे फिफ्टी-एट 2018 पासून विकलं जातंय आणि सगळ्या नगांवर हे लॉक नाही. तुम्ही जो नग हातात घ्याल त्यावर ते आहे का, हे आवर्जून तपासा.

आता पाणी. तुम्ही आठवड्यातून तीनदा पोहता, म्हणजे तुमच्या निवडीत हा मुद्दा सगळ्यात वजनदार. घड्याळावर लिहिलेले मीटर म्हणजे तेवढ्या खोलीवर जायची परवानगी नव्हे. तो स्थिर दाबाखाली, नवं गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) असताना, प्रयोगशाळेत घेतलेला आकडा आहे. 30 मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना आणि पावसात चालतं, पोहायला नाही. 50 मीटर म्हणजे पाण्यात चुकून उतरलात तर घाबरायचं कारण नाही. नियमित पोहायचं तर मी 100 मीटरच्या खाली जाऊ देत नाही, आणि चावी स्क्रूची, म्हणजे फिरवून आट्यांवर घट्ट बंद होणारी, असावी असा आग्रह धरतो. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे मानक आहे. त्यात किमान 100 मीटर लागतात, प्रत्येक नग वेगळा तपासावा लागतो आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाब द्यावा लागतो. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांच्या मानकात नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालतात. ब्लॅक बे फिफ्टी-एट 200 मीटरचं आहे, सबमरिनर 300 चं, स्पीडमास्टर 50 चं.

पण आकड्यापेक्षा माणसाची सवय जास्त घड्याळं बुडवते. एक प्रसंग सांगतो. एका गृहस्थांनी 200 मीटरचं घड्याळ आणलं, काचेच्या आतून दव पडलेलं. वेळ लावल्यावर त्यांनी चावी नुसती आत ढकलली होती, फिरवून बंद केली नव्हती, आणि तसेच ते तलावात उतरले होते. तीन दिवस ‘आपोआप वाळेल’ म्हणून वाट पाहिली. मी मागचं झाकण उघडलं तेव्हा आत चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर लालसर पावडर साचली होती आणि चावीची दांडी गंजून नळीत अडकली होती. चिमट्यानं हलवली तर तुटली. डायलवरचे आकडे एका कडेनं फुगून सुटले होते. मशीन वाचलं, डायल वाचली नाही. चावीचे तीन आटे फिरवले असते तर यातलं काहीच झालं नसतं. आणि आत पाणी दिसलं त्याच दिवशी आणलं असतं, तरी नुकसान फार थोडक्यात आवरलं असतं. म्हणून काचेत दव दिसलं की घड्याळ त्याच दिवशी उघडायला द्या.

स्क्रूच्या चावीची ताकद 1927 मध्ये सगळ्या जगानं पाहिली. मर्सिडीज ग्लाइट्झ या तरुणीनं त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, पण नंतर तिच्यावर शंका घेतली गेली, म्हणून ती पुन्हा पाण्यात उतरली. त्या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर होतं. गारठ्यानं दहा तासांहून जास्त वेळानंतर तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. आजचं गॅस्केट तेव्हापेक्षा कितीतरी सरस आहे, पण चावी बंद करायचं काम अजून आपल्याच बोटांचं आहे.

गरम पाण्याच्या शॉवरखाली आणि सॉनात घड्याळ घालू नका, ते 300 मीटरचं असलं तरी. वाफ आणि साबण जिथे थंड पाणी शिरत नाही तिथे शिरतात, आणि उष्णतेनं रबर लवकर कडक होतं. तलावातून आल्यावर साध्या पाण्यानं धुवा. वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्या. काही मिनिटांचं काम असतं, झाकणही उघडावं लागत नाही.

पहिलं घड्याळ क्रोनोग्राफ घ्यावं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण स्पीडमास्टरचं नाव आलं की तो येतोच. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळात बसवलेलं स्टॉपवॉच. 1 मार्च 1965 रोजी नासानं कठोर चाचण्यांनंतर स्पीडमास्टरला अवकाशमोहिमांसाठी मान्यता दिली. 1969 मध्ये चंद्रावर उतरताना ते बझ ऑल्ड्रिन यांच्या हातावर होतं. आर्मस्ट्राँग यांनी आपलं यानात ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बंद पडलं होतं. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 परत येताना इंजिन 14 सेकंदच चालवायचं होतं, तो वेळ जॅक स्विगर्ट यांनी हातावरच्या स्पीडमास्टरवर मोजला. ही गोष्ट मला अजूनही हलवून जाते. मी जी चाकं रोज उघडतो, तशाच चाकांवर तिथे तीन माणसांचं परतणं मोजलं जात होतं.

पण तुम्हाला काय मोजायचंय? तलावातल्या फेऱ्यांचा वेळ मोजायचा असेल, तर पाण्याखाली क्रोनोग्राफची बटणं दाबायचीच नसतात, अपवाद फार थोडे. क्रोनोग्राफमध्ये भाग जास्त, त्यामुळे घड्याळ जाड, आणि सर्व्हिसिंगचं काम साध्या तीन काट्यांच्या घड्याळाच्या जवळपास दुप्पट. एवढ्या भागांचं तेलपाणी करताना मला स्वतःला आनंद होतो, पण पैसे तुमचे जातात. डायव्हिंग घड्याळाचं फिरतं बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, रोजची बरीच कामं करतं. मिनिटकाट्यासमोर त्रिकोण आणला की पुढचा तासभर किती वेळ गेला ते एका नजरेत दिसतं. भाताला चढवलेला कुकर, पार्किंगचा वेळ, मीटिंग, सगळ्याला ते पुरतं. 1953 मधल्या ब्लांपाँ फिफ्टी फॅदम्सपासून ही कल्पना रुजली. पाण्याखाली धक्का लागून बेझेल हललं तर उरलेला वेळ आहे त्याहून कमीच दिसला पाहिजे, म्हणून ते एकाच दिशेला फिरतं. माणसाचा जीव वाचवायला कुणी इतका साधा विचार केला, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

स्पीडमास्टर रोज हातानं चावी देऊन चालतं. कॅलिबर 3861 पूर्ण चावी दिल्यावर सुमारे 50 तास चालतं. काहींना सकाळी चहाबरोबर चावी देणं आवडतं, काहींना चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तुम्ही कोणते, ते तुम्हालाच ठाऊक. ब्लॅक बे फिफ्टी-एटचं मशीन आणि सबमरिनरचं 3230 दोन्ही ऑटोमॅटिक आहेत, हाताच्या हालचालीनं त्यांना आपोआप चावी बसते, आणि 65 ते 70 तास चालतात. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू मिळतं. आणखी एक सोय म्हणजे तिघांतही तारीख नाही. सबमरिनरचं तारखेचं मॉडेल वेगळं असतं, मी बिनतारखेचं म्हणतोय. पहिल्या घड्याळाला मी तारीख नको असंच सांगतो. बंद पडलेलं घड्याळ पुन्हा लावताना लोक रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख पटकन पुढे ढकलतात, तेव्हा अनेक मशिनांत तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि एखादा दात तुटतो. असे दात मी बरेच बदलले आहेत.

अचूकतेबद्दल अपेक्षा आधीच नीट ठरवून घ्या, नाहीतर तुमचं स्मार्टवॉच तुम्हाला रोज टोचणी देईल. दिवसात 86,400 सेकंद असतात. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेची क्रोनोमीटर चाचणी 15 दिवस चालते, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत, आणि सरासरी दिवसाला -4 ते +6 सेकंदांत बसावी लागते. ही चाचणी सुट्या मशीनची असते. रोलेक्स पूर्ण जुळवलेल्या घड्याळासाठी दिवसाला 2 सेकंद मागेपुढे इतकंच मान्य करतं, ट्यूडर -2 ते +4. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटरची कसोटी मेटास या स्विस संस्थेच्या निकषांवर होते, त्यात 0 ते +5 सेकंद आणि 15,000 गॉसच्या चुंबकक्षेत्रातून तावून निघावं लागतं. दिवसाला 5 सेकंदांची चूक म्हणजे टक्क्याचा एक शतांशही नाही. एवढ्याशा स्प्रिंगनं आणि चाकांनी ते साधलेलं असतं. टायमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, अशा घड्याळाची रेघ सरळ उमटताना पाहिली की मी अजून थांबून बघतो.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर पुढे धावू लागलं, तर बहुतेक वेळा ते चुंबकाचं काम असतं. टॅबलेटचं कव्हर, स्पीकर, पर्सचं लॉक. ठोक्यांची गती ठरवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भराभर पडतात. डिमॅग्नेटायझर या चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर अर्ध्या मिनिटात ते ठीक होतं. तुमच्या तिन्ही घड्याळांत हा त्रास कमी आहे. ट्यूडर आणि ओमेगाची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची, रोलेक्सची नायोबियम-झिर्कोनियम मिश्रधातूची, आणि दोन्हींवर रोजच्या चुंबकांचा असर जवळजवळ होत नाही.

आता ‘इन-हाउस’. हा शब्द मला थोडा सावधपणे घ्यावासा वाटतो. ट्यूडरची मशिनं केनिसी नावाच्या कारखान्यात होतात, आणि तोच कारखाना इतर कंपन्यांनाही मशिनं पुरवतो. ट्यूडरच्या क्रोनोग्राफचं मशीन ब्रेटलिंगच्या बी01 वर आधारलेलं आहे, आणि ब्रेटलिंगनं आपल्या एका डायव्हिंग घड्याळासाठी मूळ ट्यूडरचं मशीन वापरलं होतं. म्हणजे कुणाच्या घरातलं, ही रेघ तितकी ठळक नाही. मशीन चांगलं आहे का, त्याचे भाग पंधरा वर्षांनी मिळतील का, आणि ते उघडायला जाणता हात जवळ आहे का, हे तीन प्रश्न मी विचारतो. इटीए 2824 किंवा सेलिटा एसडब्ल्यू200 सारखी जुनी, सगळीकडे वापरली जाणारी मशिनं सुमारे 38-40 तासच चालतात, दिसायलाही साधी असतात. पण कुठलाही नीट शिकलेला कारागीर ती खोलून जोडू शकतो आणि सुटे भाग मिळतात. बड्या कंपन्या आपल्या मशिनांचे भाग बहुतेक वेळा स्वतंत्र कारागिरांना देत नाहीत. त्यांचं घड्याळ घेताना सर्व्हिसिंगही त्यांच्याचकडे, त्यांच्या दरानं, त्यांच्या वेळेत, हे धरूनच चाला. खरेदीच्या दिवशीच सर्व्हिसिंगचा दर आणि लागणारा कालावधी विचारून घ्या. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि फार थोडे विचारतात.

सर्व्हिसिंग कधी करायचं? रोलेक्स साधारण दहा वर्षांचा कालावधी सांगतं, ओमेगा पाच ते आठ. ‘चालतंय ना, मग कशाला’ हा विचार माझ्या टेबलावर रोज येतो. मशीन कोरडं पडलं तरी काही वर्षं चालत राहतं, त्यामुळे बाहेरून काही समजत नाही. उघडल्यावर समजतं. चाकाचा आस ज्यात फिरतो त्या माणिकाच्या खड्याभोवती, जिथे टाचणीच्या टोकाएवढं स्वच्छ तेल असायला हवं, तिथे काळपट चिकट कडं दिसतं. चाक काढून भिंगाखाली धरलं की आसाच्या टोकावर, केसापेक्षा बारीक जागेवर, एक खाच पडलेली दिसते. तेल असतं तर धातू धातूवर घासला नसता. आता ते चाकच बदलायचं. तीस मीटर खोल बुडवूनही झालं नसतं इतकं नुकसान कोरडेपणा हळूहळू करतो. आणि सर्व्हिसिंगला देताना एक वाक्य लिहून द्या: केस पॉलिश करू नये. प्रत्येक पॉलिशमध्ये धातू जातो. कानांच्या धारा एकदा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत.

धातू आणि काचेबद्दल फार नाही. तिन्ही स्टीलची आहेत, तिन्ही टिकाऊ. रोलेक्स वेगळ्या प्रतीचं, 904एल जातीचं स्टील वापरतं, खाऱ्या पाण्यात ते अधिक तग धरतं. तलावाला फरक जाणवण्याइतका नाही. सबमरिनरचं बेझेल सिरॅमिकचं, त्यावर ओरखडा उमटत नाही, पण जोरात आपटलं तर ते तडकू शकतं. ब्लॅक बेचं ॲल्युमिनियमचं, ते खरचटतं आणि कालांतरानं फिकं पडतं, मला ते रुचतं. स्पीडमास्टर दोन प्रकारच्या काचेत येतं. हेसलाइट म्हणजे एक जातीचं प्लास्टिक, त्यावर ओरखडे पडतात, पण पॉलिश पेस्टनं दहा मिनिटांत निघतात, आणि फुटलं तर त्याचा भुगा होत नाही. सफायर ओरखड्यांना दाद देत नाही.

धक्क्यांबद्दल एवढंच, की आयएसओ 1413 हे मानक साधारण एक मीटर उंचीवरून कडक लाकडावर पडण्याइतका धक्का धरून चालतं. बॅडमिंटन, टेनिस, क्रिकेटची फलंदाजी, हातोडी चालवणं, यावेळी घड्याळ काढून ठेवा. पोहणं, चालणं, साधं सायकलिंग याला हरकत नाही.

पुढे विकण्याच्या भावावर मी फार शब्द घालवणार नाही. पहिलं घड्याळ विकायच्या हिशेबानं घेतलेला माणूस ते हातावर मोकळेपणानं वापरत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय, जपून ठेवायचं नाही. सबमरिनर अधिकृत विक्रेत्याकडे सहज हाती लागत नाही, नाव नोंदवून थांबावं लागतं. थांबायची तयारी असेल तर खुशाल थांबा. पण अधिकृत दरावर भरमसाट रक्कम चढवून, पेटीतून नुकतंच बाहेर पडलेलं घड्याळ तिऱ्हाइताकडून घेऊ नका, पहिलं तर नाहीच. वापरलेलं घ्यायचं असेल तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, नाहीतर तुमच्या कारागिराकडे घेऊन जा. आजची बनावट घड्याळं बाहेरून ओळखणं मलाही कधीकधी जड जातं, आत बघितलं की लगेच कळतं. कानांच्या धारा पाहा, सर्व्हिसिंगची पावती मागा, आणि ‘200 मीटर’ हे शब्द नवीन दाबचाचणी होईपर्यंत विसरा.

यादीबाहेरची दोन घड्याळं तरी हातावर घालून पाहा. ओमेगाचं सीमास्टर डायव्हर 300एम, आणि रोलेक्सचं 36 मिलिमीटरचं एक्सप्लोरर. एक्सप्लोरर 100 मीटरचं आहे, बेझेल फिरतं नाही, ऑफिसला मात्र त्याच्याइतकं शोभणारं स्पोर्ट्स घड्याळ सापडणं अवघड. ग्रँड सेकोचं स्प्रिंग ड्राइव्ह मला फार आवडतं. त्यात ऊर्जा मेनस्प्रिंगची आणि नियंत्रण क्वार्ट्झचं असतं, काटा टिकटिक न करता सरकत जातो. पण तुम्ही मेकॅनिकल म्हणालात आणि तुम्हाला ठोका ऐकायचा असेल, तर ते दुसरं घड्याळ म्हणून ठेवा.

तर तुमच्यासाठी. आठवड्यातून तीनदा पाणी, लहानसं मनगट, दिवसभर टायपिंग आणि एकच घड्याळ, या चारही गोष्टी एकत्र धरल्या तर मी ब्लॅक बे फिफ्टी-एट म्हणतो, टी-फिट लॉकचं. सबमरिनर बांधणीत त्याहून सरस आहे, लॉक तर नक्कीच. पण तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत तुमचं लक्ष त्याच्याकडेच लागून राहील, अशी मला शंका आहे. ती शंका चुकीची असेल आणि ते रीतसर मिळत असेल, तर ते घ्या, मी अडवणार नाही.

स्पीडमास्टरबद्दल एक बोलायचं राहिलं. तुमच्या पत्रात बाकी दोघांवर एकेक ओळ आहे आणि त्याच्यावर सहा. लहानपणी चांद्रमोहिमेचं चित्र भिंतीवर लावलं होतं, हेही तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर माझा हिशेब बाजूला ठेवा आणि स्पीडमास्टर घ्या. पोहायला जाताना तुमचं आत्ताचं क्वार्ट्झ घाला, ते त्या कामाला उत्तम आहे. तडजोड म्हणून घेतलेलं ब्लॅक बे वर्षभरात तुमच्या मनातून उतरेल, आणि मग तुम्ही दोन घड्याळांचे पैसे भराल. निर्णयाआधी तिन्ही एकाच दिवशी, एकामागून एक, प्रत्येकी निदान पंधरा मिनिटं हातावर ठेवा, आणि त्या दिवशी काहीही विकत न घेता घरी या.

घड्याळ हातात आलं की पहिले दहा दिवस एक वही करा. रोज रात्री ठरावीक वेळी, मोबाइलच्या घड्याळाशी ताडून, किती सेकंद पुढे-मागे ते लिहा. झोपताना काही दिवस डायल वर करून ठेवा, काही दिवस चावी वर येईल असं आडवं उभं करून ठेवा, आणि कसं ठेवलं तेही लिहा. अनेक घड्याळं एका स्थितीत दोन-तीन सेकंद कमावतात आणि दुसऱ्या स्थितीत गमावतात. तुमचं कोणत्या स्थितीत काय करतं हे कळलं की नुसतं रात्री ठेवायची पद्धत बदलून तुम्ही दिवसाची चूक भरून काढू शकता. आणि दहा दिवसांत आकडा कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेबाहेर सतत जात असेल, तर ती वही घेऊनच विक्रेत्याकडे जा. वॉरंटीत असतानाच ते जुळवून घ्यायचं.

ब्लॅक बे घेतलंत, तर पहिल्यांदा तलावाकडे निघताना चावी हातानं एकदा तपासा. हलकेच आत दाबायची, आटे लागेपर्यंत फिरवायची, हाताला अडकल्याचं जाणवलं की थांबायचं. जोर लावून पिळायची नाही, आटे झिजतात. मग खुशाल उडी मारा.